दुर्बिणीचा फोकस : ज्याच्या त्याच्या डोळ्याचा

शाळेला दुर्बीण भेट देण्याची चांगली पद्धत आता आपल्या सातारा-सांगली भागात रुजू लागली आहे. पूर्वी माजी विद्यार्थी एकत्र आले की भिंतीवरचे घड्याळ, पाण्याची टाकी किंवा लोखंडी कपाट देत. आता एखादी तुकडी वर्गणी काढून आठ इंची दुर्बीण देते. या देणगीचे पुढे काय होते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. दोन-चार कार्यक्रम होतात, मग "हिच्यातून नीट दिसत नाही" असा शेरा मिळतो आणि दुर्बीण त्याच लोखंडी कपाटात जाते. एका शाळेत अशी कपाटातली दुर्बीण मी बाहेर काढून पाहिली आहे. आरसा निर्मळ होता, पुढची काच धड होती, एकही स्क्रू हरवलेला नव्हता. त्या दुर्बिणीत फोकस कसा जुळतो, एवढेच तेथे कोणाला ठाऊक नव्हते.

मी इतिहासाचा शिक्षक. प्रकाशशास्त्र माझा विषय नव्हे. परंतु वसतिगृहाच्या आकाशदर्शनाची जबाबदारी अनेक वर्षे माझ्याकडे राहिल्याने या एका प्रश्नाचा पाठपुरावा करणे मला भाग पडले. ज्यांच्या वर्गणीतून दुर्बिणी येतात आणि ज्यांची मुले त्यांतून पाहतात, त्या सर्वांसाठी तो येथे मांडतो.

प्रथम या दुर्बिणीची घडण पाहू. गॅलिलिओने १६०९-१० मध्ये आकाशाकडे रोखलेली दुर्बीण केवळ भिंगांची होती. पुढे न्यूटनने आरशाची दुर्बीण केली. १६७२ मध्ये कॅसेग्रेन या फ्रेंच गृहस्थाच्या नावाने आणखी एक रचना प्रसिद्ध झाली : मोठा अंतर्वक्र आरसा तळाशी, त्याच्यासमोर लहान बहिर्वक्र आरसा, आणि मोठ्या आरशाच्या मध्यभागी भोक. प्रकाश मोठ्या आरशावरून लहान आरशाकडे जातो, तेथून परत फिरतो आणि भोकातून मागे बाहेर पडतो. न्यूटनने त्याच वर्षी या रचनेवर कडक टीका केली. आज जगातील बहुतेक मोठ्या दुर्बिणी मात्र कॅसेग्रेनच्याच वंशातल्या आहेत. पुण्याच्या आयुकाची गिरवली येथील दोन मीटर व्यासाची दुर्बीणही त्याच घराण्यातली.

हौशी लोकांच्या हाती येणाऱ्या दुर्बिणीत आरशांच्या जोडीला पुढे एक पातळ काचही असते, म्हणून तिला संयुक्त दुर्बीण म्हणता येईल. गोलीय आरसा घडवायला सोपा, पण त्याच्या कडेचे आणि मध्याचे किरण एका बिंदूत मिळत नाहीत. हा दोष पुढे बसवलेल्या विशिष्ट घडणीच्या काचेने काढता येतो, हे बर्नहार्ड श्मिट यांनी १९३० मध्ये दाखवून दिले. बालपणी दारूच्या प्रयोगात उजवा हात गमावलेला हा एस्टोनियन कारागीर एका हाताने भिंगे आणि आरसे घासत असे. श्मिटची काच आणि कॅसेग्रेनचे आरसे एकत्र आणून सेलेस्ट्रॉन या अमेरिकन कंपनीने १९७० मध्ये आठ इंची दुर्बीण बाजारात आणली. आज शाळांना मिळणाऱ्या संयुक्त दुर्बिणी बहुधा तिच्याच धर्तीच्या असतात.

आता मूळ मुद्दा. ताऱ्याकडून येणारे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात. आरसे त्यांना गोळा करून एका ठिकाणी ताऱ्याची बारीक प्रतिमा तयार करतात. त्या जागेला नाभी म्हणतात. फोकस हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे, तोच वापरू. ही प्रतिमा आपण नेत्रिकेतून, म्हणजे एका छोट्या भिंगातून, मोठी करून पाहतो. प्रतिमा जेथे तयार होते आणि नेत्रिका जेथे पाहते, त्या दोन जागा एक झाल्या की फोकस जुळला. बाकी सारी खटपट त्या दोन जागा एकत्र आणण्याची आहे.

भिंगांच्या साध्या दुर्बिणीत हे काम डोळ्यांदेखत होते. नॉब फिरवला की नेत्रिकेची नळी मागे-पुढे सरकताना दिसते. संयुक्त दुर्बिणीत बाहेर काहीच हलत नाही, म्हणूनच गोंधळ होतो. नेत्रिका जागच्या जागी असते, पुढचा लहान आरसाही स्थिर असतो. हलतो तो नळीच्या तळाचा मोठा आरसा. तो मधल्या एका नळीवर बसवलेला असून नॉबला जोडलेला स्क्रू त्याला पुढे ढकलतो किंवा मागे ओढतो. नेत्रिका प्रतिमेकडे जात नाही, प्रतिमा नेत्रिकेकडे आणली जाते.

आणि येथेच या यंत्राचा सर्वांत नाजूक गुण आहे. आठ इंची दुर्बिणीच्या मोठ्या आरशाचे नाभीय अंतर सुमारे ४०० मिलिमीटर असते. लहान आरसा ते पाचपट लांबवून सुमारे २००० मिलिमीटर करतो. म्हणून तर दोन मीटरची दुर्बीण हातभर नळीत मावते. परंतु लहान आरशाने प्रतिमा आकाराने पाचपट मोठी केली, तरी तिचे मागे-पुढे सरकणे पाचाच्या वर्गाने, म्हणजे पंचवीसपट वाढते. मोठा आरसा एक मिलिमीटर पुढे गेला की मागची प्रतिमा सुमारे पंचवीस मिलिमीटर मागे जाते.

या दुर्बिणीत प्रतिमा खरोखर रेखीव राहण्यासाठी तिच्या जागेत फार तर एक दशांश मिलिमीटर इकडे-तिकडे चालते. त्याला पंचविसाने भागा. मोठा आरसा मिलिमीटरच्या चार सहस्रांशाइतक्या अचूकपणे बसावा लागतो. माणसाच्या केसाच्या जाडीचे पंधरा-वीस भाग केले तर त्यांतील एक भाग. बोटाच्या हलक्या वळणाने आपण एवढे सूक्ष्म काम करतो, याचे मला अजून नवल वाटते. घाईने नॉब गरगर फिरवणाऱ्याला फोकसचा क्षण सापडत नाही. तो डोळ्यांसमोरून निघून गेलेला असतो.

दूरच्या आणि जवळच्या वस्तूंचा फोकस वेगळा असतो, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यातून एक गैरसमज निघतो : चंद्र जवळ आणि शनी दूर, म्हणून प्रत्येकासाठी फोकस बदलावा लागेल. हिशेब करून पाहावा. जवळच्या वस्तूची प्रतिमा अनंतावरच्या वस्तूच्या प्रतिमेपेक्षा किती मागे पडते, हे नाभीय अंतराच्या वर्गाला वस्तूच्या अंतराने भागले की मिळते. शंभर मीटरवरील झाडासाठी हे उत्तर ४० मिलिमीटर येते. साताऱ्यात एक किलोमीटरवरून अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा पाहिला तर ४ मिलिमीटर, म्हणजे आरसा ०.१६ मिलिमीटर मागे न्यावा लागेल. मिरजेकडून वीस किलोमीटरवरचा दंडोबाचा डोंगर पाहिला तर ०.२ मिलिमीटर उरतात. आणि चंद्र, जो पावणेचार लाख किलोमीटरहून दूर आहे, त्याच्यासाठी हा फरक मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढा. दुर्बिणीच्या लेखी चंद्र, गुरू, शनी आणि व्याधाचा तारा एकाच अंतरावर आहेत. एकावर फोकस नीट जुळला की सर्वांवर जुळला. दिवसा मनोऱ्यावर जुळवलेला फोकस मात्र रात्री कामाचा नाही.

मग रात्रीच्या रांगेत फोकस पुन्हा पुन्हा बिघडतो कसा? तारे तेच असतात; बदलतो तो डोळा. या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

दहावीच्या पुस्तकात भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजायला शिकवतात. चष्म्याचा नंबर तोच. निकटदृष्टी असलेल्या, म्हणजे उणे नंबरच्या डोळ्याला समांतर किरण नीट एकवटता येत नाहीत. त्याने चष्मा काढून दुर्बिणीतून पाहिले तर प्रतिमा नेत्रिकेच्या अधिक जवळ आणावी लागते. किती जवळ, हे नेत्रिकेवर अवलंबून असते. आपल्याकडे सुरुवातीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावतात. तिच्यात उणे चार नंबरच्या डोळ्यासाठी प्रतिमा अडीच मिलिमीटर सरकवावी लागते. रेखीवपणासाठी चालणारी सूट एक दशांश मिलिमीटरची, आणि येथे गरज त्याच्या पंचवीसपट. शिक्षकांना वस्तऱ्याच्या धारेसारखी दिसणारी शनीची कडी त्या मुलाला धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तरीही शिक्षकांनी "दिसलं का?" विचारले की ते "हो सर" म्हणते. मागे चाळीस मुले उभी असतात, सर स्वतः विचारत असतात, आणि सर्वांना दिसले ते आपल्यालाच दिसले नाही असे सांगायला बारा वर्षांच्या मुलाला मोठे धैर्य लागते.

याची दुसरी बाजू शिक्षकांची. पन्नाशीच्या शिक्षकाच्या नाकावर चाळिशीचा चष्मा असतो. तो जवळचे वाचण्यासाठी. नेत्रिकेतून दिसणारी प्रतिमा डोळ्याच्या दृष्टीने दूरची असते, म्हणून दूरदृष्टी चांगली असेल तर चाळिशी काढूनच फोकस जुळवावा. अधिक दोनचा चष्मा तसाच ठेवून जुळवलेला फोकस चांगल्या डोळ्याच्या मुलासाठी सव्वा मिलिमीटर चुकलेला असतो. तरुण डोळ्यात समंजन शक्ती असते आणि या दिशेची चूक ती बरीचशी भरून काढू शकते, पण चष्मा काढलेल्या उणे नंबरच्या डोळ्याला ती कामी येत नाही. म्हणजे एकट्या शिक्षकाने फोकस लावून "कोणीही नॉबला हात लावायचा नाही" अशी ताकीद दिली, तर रांगेतल्या कित्येकांना अंधूक दिसण्याची व्यवस्थाच आपण करून ठेवतो.

आमच्या वसतिगृहात आठवीतल्या एका मुलीच्या हाती नॉब दिला, तेव्हा ती इतरांच्या जागेवर थांबलीच नाही. पुढे फिरवत गेली आणि मग म्हणाली, "आता खड्ड्याची कड दिसली." आम्ही पाहिले तर आम्हाला चंद्र दुधाळ दिसत होता. पुढच्या आठवड्यात मिरजेला तिचे डोळे तपासून घेतले. नंबर उणे चार निघाला. वर्गात ती पहिल्या बाकावर बसून शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत असे, हे नंतर समजले. दुर्बीण हे नेत्रतपासणीचे साधन नव्हे. परंतु एखाद्या मुलाला इतरांपेक्षा फार वेगळ्या जागी स्पष्ट दिसत असेल, तर त्याचे डोळे तपासून घ्यावेत एवढी सूचना तिच्यातून नक्की मिळते.

चष्मा घालूनच पाहावे की काढून? साधा उणे किंवा अधिक नंबर असेल तर काढून पाहता येते. नॉब त्याची भरपाई करतो. डोळ्यात तिरकस दोष, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल, तर तो नॉबने निघत नाही. चष्मा ठेवूनच पाहावे.

फोकस शोधण्याची रीत सोपी आहे. तारा फोकसबाहेर असला की या दुर्बिणीत तो मेदुवड्यासारखा दिसतो : उजळ कडे आणि मध्ये काळे भोक. ते भोक म्हणजे पुढच्या लहान आरशाची सावली. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना वाटते, कडी असलेला ग्रह दिसला. त्याला ग्रह म्हणून दाखवणारा आयोजकही मी पाहिला आहे. नॉब सावकाश फिरवा. वडा लहान होत असेल तर दिशा बरोबर. तो आक्रसत बिंदू होईल आणि आणखी फिरवल्यास पुन्हा पसरू लागेल. मुद्दाम थोडे पुढे जाऊन परत यावे, म्हणजे सर्वांत लहान बिंदू कोठे होता ते कळते. फोकस बरोबर जमला की शेजारचे मंद तारे एकाएकी उमटतात. ती खूण कधी फसवत नाही.

दोन अडचणी या रचनेच्या अंगभूत आहेत. मोठा आरसा मधल्या नळीवर किंचित सैल बसलेला असतो. त्यामुळे नॉबची दिशा बदलली की आरसा जरासा कलतो आणि तारा बाजूला सरकतो. दुर्बीण कोणी हलवली नाही, हे रांगेला सांगून ठेवावे. तसेच दिशा बदलताना नॉबचा सुरुवातीचा थोडा भाग रिकामा फिरतो. यावर उपाय असा : शेवटचे वळण नेहमी आरसा वर ढकलला जाईल अशा दिशेने, बहुतेक दुर्बिणींत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, द्यावे. मग आरशाचे वजन स्क्रूवर टेकून राहते आणि तो मागाहून घसरत नाही.

फोकसने जे सुटत नाही तेही ओळखता आले पाहिजे, नाहीतर मुले नॉबशी झुंजत बसतात. आपल्याकडे आकाशदर्शन बहुधा गच्चीवर ठेवतात. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो. त्या हलत्या हवेतून ग्रह उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा थरथरतो. फोकस चुकला असेल तर अंधूकपणा स्थिर असतो. हवेचा दोष असेल तर प्रतिमा क्षणात रेखीव, क्षणात विस्कटलेली दिसते. गच्चीपेक्षा गवताचे मैदान बरे. दुर्बीण पत्र्याच्या खोलीतून काढली असेल तर तासभर आधी बाहेर ठेवावी, म्हणजे नळीच्या आतली हवा निवते. कृष्णाकाठी हिवाळ्यात वेगळाच त्रास होतो. पुढच्या काचेवर दव धरते, ताऱ्याभोवती वलय येते आणि उजेड हळूहळू मंदावतो. काच पुसू नये. पुढे पुठ्ठ्याची हातभर नळी आधीच गुंडाळावी, म्हणजे दव उशिरा धरते. माण-खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत हा त्रास बराच कमी. आणि फोकसबाहेरच्या वड्याचे भोक मध्यावर नसून एका अंगाला दिसत असेल, तर आरशांची मांडणी सरकली आहे. नॉबने ती सुधारणार नाही.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण हबल दुर्बिणीचे. १९९० मध्ये ती अंतराळात गेली, तेव्हा तिच्या मोठ्या आरशाची कड सुमारे दोन सहस्रांश मिलिमीटरने जास्त सपाट घासली गेल्याचे उघड झाले. फोकस कितीही बदलला तरी ताऱ्याभोवतीचा धूसरपणा जाईना. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्तीची साधने बसवली. एका अर्थी तिलाही चष्माच लागला.

आपल्या भागाशी जोडलेली इतिहासातली एक गोष्टही येथे सांगण्याजोगी आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. नकाशावर विजयदुर्ग आणि करमाळ्याजवळचे जेऊर यांना जोडणारी रेघ ओढली तर ती कऱ्हाडच्या अगदी जवळून जाते. ग्रहणाचा पट्टा तोच. विजयदुर्गला इंग्लंडहून आलेल्या नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता. जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन गेले होते. त्यांच्या पुण्यातील वेधशाळेत २० इंची आरशाची दुर्बीण होती, त्या काळी देशातील सर्वांत मोठी. १९१२ मध्ये वेधशाळा बंद होऊन ती कोडाईकनालला गेली. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यात नॉबशी खटपट करायला वेळ कोठला? अशा मोहिमांत फोकस आधीच्या रात्री ताऱ्यांवर जुळवून ठेवावा लागतो. तारे आणि सूर्य दुर्बिणीच्या लेखी एकाच अंतरावर, हाच नियम तेथे उपयोगी पडतो.

आपल्या कार्यक्रमांच्या तिथींविषयी एक सूचना. वैशाखी पौर्णिमेला विहारात आणि शाळेत लोक जमतात, म्हणून त्याच रात्री दुर्बीण लावण्याचा आग्रह होतो. पण पूर्ण चंद्रावर ऊन समोरून पडते, खड्ड्यांच्या सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट दिसतो. लोकांना वाटते फोकस चुकला. त्या रात्री फोकस चंद्राच्या कडेवर किंवा स्वाती ताऱ्यावर जुळवावा. तो दहाच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर असतो. खड्डे दाखवायचे असतील तर आठवडाभर आधीची अष्टमी निवडावी. अशोक विजयादशमीचा चंद्र याबाबतीत अधिक सोयीचा. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडलेल्या असतात.

शेवटी, फुकटात होणारे एक साधन. दुर्बिणीच्या तोंडावर बसेल असे जाड पुठ्ठ्याचे झाकण करावे. त्यात समोरासमोर, कडेच्या जवळ, पाच-पाच सेंटिमीटर व्यासाची दोन भोके कापावीत. मध्यभागी लहान आरसा असल्याने भोके त्याच्या बाहेर यावीत. हे झाकण लावून ठळक तारा पाहिला तर फोकसबाहेर तो एकाचे दोन दिसतो. नॉब फिरवत गेले की दोन्ही जवळ येतात आणि फोकस जुळताच एक होतात. जर्मन शास्त्रज्ञ हार्टमान यांच्या नावाने हे झाकण ओळखले जाते. याचा उपयोग केवळ अचूकतेसाठी नाही. मुलाला "दिसलं का?" असे विचारण्याऐवजी "एक दिसतो की दोन?" असे विचारता येते. दोन दिसत असतील तर ते निःसंकोच "दोन" म्हणते, स्वतः नॉब फिरवते आणि आपल्या डोळ्यापुरता एक करते. मग झाकण काढून तेथूनच शनीकडे वळावे. रांगेत चष्मेवाल्या मुलांना एकत्र, शेवटी उभे करावे आणि प्रत्येकाला एक मिनिट द्यावे. चाळीस मुलांना चाळीस मिनिटे पुरतात.

हे झाकण सूर्य पाहण्यासाठी नाही. त्या दोन भोकांतून येणारे ऊनही क्षणात डोळा कायमचा जाळील. म्हणून झाकणाच्या बाहेरच्या बाजूवर लाल शाईने "फक्त रात्री" असे मोठ्या अक्षरांत लिहून ते दुर्बिणीच्या पेटीतच ठेवावे, आणि पेटीची किल्ली दिवसा वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे असावी.